विसाव्या महिन्याचं कोरं पान

ठमीच्या विसाव्या महिन्याचं पान कोरं राहिलं, तेव्हा अण्णांनी त्या कोरेपणालाच नाव देऊन टाकलं: संचय-मौन. आठवा टप्पा. गेली चोपन्न वर्षं त्यांच्या ग्रंथात बाळाच्या बोलण्याचे सातच टप्पे होते आणि त्या सातांवर जगाचं काही अडलं नव्हतं. पण पणतीने तोंड उघडायचं नाकारल्याबरोबर शास्त्र एक पायरी वर चढलं. अण्णांना विरोध करणारं घरात कुणी नसल्यामुळे इथे शास्त्राची प्रगती नेहमीच झपाट्याने होत असे.

त्या शनिवारी सकाळी नऊ ते दहा मौनतास झाला. हा या घराचा जुना नेम. मूल सहा महिन्यांचं झालं की रोज एक तास त्याला मधल्या खोलीत सतरंजीवर बसवायचं, समोर वही-पेन्सिल घेऊन घरातल्या एकाने बसायचं आणि तासभर त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. आपण बोललो की मूल आपलेच शब्द आपल्याला परत करतं. भाषा आतून कशी उगवते ते बघायचं असेल तर वाफ्यात पाय टाकायचा नाही, असं अण्णांचं म्हणणं. आतापर्यंत चार मुलं या वाफ्यात बसली. ग्रंथात त्यांना नावं नव्हती. ती बालक क्रमांक एक ते चार होती आणि निम्मे नातेवाईकही त्यांना नंबरानेच ओळखत.

क्रमांक एक म्हणजे आत्या, अण्णांची थोरली. वय एकोणसाठ, पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. तिने अकराव्या महिन्यात छताकडे बोट दाखवून 'दिवा' म्हटलं, हे वाक्य भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत इतक्या वेळा लिहिलं होतं की आत्याला स्वतःलाच कधीकधी तो दिवा आठवल्यासारखा वाटे. मूल आधी उजेडाला नाव देतं, मग माणसाला, हा अण्णांचा सगळा सिद्धान्त त्या एका बोटावर तोलून धरलेला होता.

क्रमांक दोन तिचा भाऊ. तो चौदा महिन्यांचा होईपर्यंत बोलला नाही, आणि मग बोलला तो थेट 'दूध'. सात टप्प्यांच्या तक्त्यात न बसणारं मूल पाहिल्यावर अण्णांनी तक्ता तसाच ठेवला आणि मुलाच्या नावापुढे 'किंचित मंद' असा शेरा मारला. तो शेरा ग्रंथाच्या सहाही आवृत्त्यांत छापून आला होता. भाऊ अण्णांच्याच विषयाचा प्राध्यापक झाला, अण्णांच्याच खोलीत, अण्णांच्याच खुर्चीत बसला, आणि आता सातव्या आवृत्तीचं संपादन करत होता. शेरा काढायचं मात्र त्याच्या मनात आलं नाही; संपादकाने मूळ मजकुराला हात लावू नये, असं तो म्हणे.

क्रमांक तीन भाऊचा मुलगा. हा लिफ्टचा इंजिनिअर. तक्ता त्याने वेळेवर पाळला होता आणि त्यानंतर आयुष्यात जे जे कुणी सांगितलं तेही. क्रमांक चार म्हणजे त्याची ठमी.

मौनतास संपल्यावर आत्या स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. भावजय परगावी बहिणीकडे गेली होती; आज सातव्या आवृत्तीसाठी प्रकाशक आले होते, आणि घरात असा काही बेत असला की तिची बहीण नेमकी आजारी पडायची. ठमी दाराकडे पाठ करून फरशीवर बसली होती आणि कपड्यांचे चिमटे एकावर एक रचत होती.

"आत्या, आज चार वाजता आहे," नातसून, ठमीची आई, दबक्या आवाजात म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि कुठलीही गोष्ट गोळ्यांच्या वेळा सांगाव्यात तशी सांगायची. "कानांची तपासणी. तिसऱ्यांदा वेळ घेतलीय. आधीच्या दोन्ही यानेच फोन करून रद्द केल्या."

"कशासाठी?"

"पहिल्यांदा अण्णा म्हणाले, यंत्राचे आवाज कानात गेले की नोंद दूषित होते. दुसऱ्यांदा म्हणाले, आवृत्ती निघू दे."

"आणि आमचे भाचेबुवा काय म्हणाले?"

"म्हणाले, अण्णा म्हणतायत तर."

नातसुनेने ओट्यावरचं पातेल्याचं झाकण उचललं, ठमीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि झाकण हातातून सोडून दिलं. आत्याच्या हातातल्या चमच्यातली साखर सांडली. बाहेरच्या खोलीतून प्रकाशकांचा आवाज आला, "काय पडलं हो?" ठमीने लाल चिमट्यावर निळा चिमटा ठेवला.

"रोज पाडते," नातसून म्हणाली. "पोचे बघा किती पडलेत. डॉक्टर म्हणाले, जेवढा उशीर कराल तेवढं तिचं नुकसान. शिकायचं वय आपल्यासाठी थांबून राहत नाही. तुम्ही सांगा ना अण्णांना. तुमचं ऐकतील. तुम्ही एक नंबर आहात."

आत्याने ओट्यावरची साखर बोटाने गोळा केली. तिला काही नव्याने कळलं नव्हतं. पस्तीस वर्षांत अशी पाच-सहा मुलं तिच्या वर्गात येऊन गेली होती. ती खोड्या करत नसत, तक्रार करत नसत, आणि सगळा वर्ग हसला की तोंडं बघून एक क्षण उशिरा हसत. ठमीही घरात अशीच एक क्षण उशिरा हसायची. आत्याने ते चार महिन्यांपूर्वीच पाहिलं होतं आणि गप्प बसली होती, कारण तिच्या पर्समध्ये एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. आईने जाण्यापूर्वी ते तिच्या हातात दिलं होतं. चौदा वर्षांत आत्याने चार पर्स बदलल्या आणि कार्ड दरवेळी मुकाट्याने नव्या पर्समध्ये हलवलं. ते बाहेर काढलं तर अण्णांचा ग्रंथ उरणार नव्हता. आणि शहाऐंशी वर्षांच्या माणसाजवळ ग्रंथाशिवाय होतं काय, तर एक पेन्सिल.

"चहा घेऊन चल," ती म्हणाली.

बाहेर मोठ्या टेबलावर हिरव्या बांधणीच्या सोळा वह्या मांडून ठेवल्या होत्या. अण्णा मधल्या खुर्चीत, उजव्या हाताला समारंभाचा कोट घातलेला भाऊ, डावीकडे प्रकाशक. क्रमांक तीन भिंतीला टेकून उभा होता, दार उघडण्याची वाट बघत लिफ्टमध्ये उभं राहावं तसा.

"मुखपृष्ठाची कल्पना अशी आहे," प्रकाशक सांगत होते. "मध्ये सर. मांडीवर पणती. मागे तिन्ही बालकं उभी. आणि वर एक दिवा."

"बालकांपैकी एकीचे गुडघे दुखतात," आत्या कप ठेवत म्हणाली. "किती वेळ उभं राहायचंय?"

प्रकाशक हसले आणि लगेच कामाचं बोलले. "फक्त क्रमांक चारचा तो रकाना, सर. कोरा गेला तर लोकांना छपाईची चूक वाटेल."

"कोरा नाही तो," अण्णा म्हणाले. "संचय-मौन लिहा. मूल शब्द साठवतंय. धरण भरत असतं तेव्हा खालच्या नदीला पाणी नसतं. म्हणून काय पाऊस नाही म्हणायचं?"

"वा, सर," प्रकाशक म्हणाले आणि लिहून घेतलं. भाऊनेही लिहून घेतलं.

"चार वाजता आम्ही ठमीचे कान तपासायला जातोय," नातसून म्हणाली.

सगळ्यांनी क्रमांक तीनकडे पाहिलं. क्रमांक तीनने छताकडे पाहिलं.

"सूनबाई," अण्णा समजुतीने म्हणाले. ते रागावत कधीच नसत, शिकवत असत. "यंत्राला ऐकणं मोजता येतं, समजणं नाही. उगीच पोरीला कशाला त्या तपासणीच्या पेटीत बसवता?"

"शिवाय समजा काही निघालंच," भाऊ म्हणाला, "तर क्रमांक चार ग्रंथातून गाळावी लागेल. सदोष नमुना म्हणून. मग तीन पिढ्या कुठल्या आणायच्या? प्रस्तावना लिहून झालीय माझी. बेचाळीस पानं."

"तिला वाचून दाखवा की, बाबा," नातसून म्हणाली. "ऐकते का बघू."

"अगं, आपण पुढच्या शनिवारी..." क्रमांक तीन म्हणाला.

"पुढच्या शनिवारी ती एकवीस महिन्यांची होईल. मग नववा टप्पा काढतील."

प्रकाशकांनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते वर काढायला विसरले. आत्या खुर्ची ओढून बसली. वर्गात फार गलका झाला की ती हेच करायची. ओरडायची नाही, गोष्ट सुरू करायची.

"अण्णा, तुमच्या पहिल्या प्रकरणातली ती गोष्ट. राजाची."

अण्णांचा चेहरा उजळला. "ती तर भाषेच्या अभ्यासातली सगळ्यात जुनी. जगातली पहिली भाषा कोणती, हे त्याला हवं होतं."

"हो. म्हणून त्याने दोन तान्ही बाळं मेंढपाळाला दिली. झोपडीत ठेव, शेळीचं दूध पाज, पण त्यांच्यासमोर कुणी एक शब्द बोलायचा नाही. दोन वर्षांनी बाळं हात पुढे करून 'बेकोस' म्हणाली. राजाने चौकशी केली, तर दुसऱ्या एका देशात त्याचा अर्थ भाकरी. मग पहिली भाषा त्या देशाची, असं राजाने मान्य केलं."

"आणि ती बाळं नक्कल करत होती शेळ्यांची," अण्णा खूश होऊन म्हणाले. "दिवसभर बें बें ऐकलं, तेच बोलली. राजाला शेळ्या दिसल्याच नाहीत. अभ्यासकाने कसं नसावं, त्याचा नमुना."

"आणि त्यानंतर दोन पानांनी तुमचा मौनतास आहे. सुधारित पद्धत म्हणून."

"तासभरच तर आहे," अण्णा म्हणाले.

"मी ही गोष्ट दरवर्षी पहिलीला सांगायचे. दरवर्षी कुणीतरी विचारायचं, बाई, पुढे त्या बाळांचं काय झालं? मी म्हणायचे, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, बाई, दोन वर्षं तो मेंढपाळ खरंच गप्प बसला असेल? बाळं रात्रंदिवस रडली तरी? सगळ्या वर्गाने विचार केला आणि ठरवलं, शक्यच नाही. तो बोलला असणार. फक्त राजाला सांगितलं नसणार."

"कल्पक मुलं," अण्णा म्हणाले.

"आपल्या घरचा मेंढपाळ म्हणजे आई," आत्या म्हणाली. "तिने एकही दिवस मौनतास पाळला नाही. मी सात महिन्यांची असताना तुम्ही परदेशी गेलात, भाषा कशी जन्मते त्यावर व्याख्यानं ऐकायला. दोन वर्षं. तिने दर आठवड्याला पत्रातून माझी नोंद पाठवायची, असं ठरलं होतं. तीच पत्रं म्हणजे तुमचा ग्रंथ." तिने पर्समधून कार्ड काढलं आणि भावासमोर ठेवलं. "वाच रे. मोठ्याने."

भाऊने चष्मा वर केला. "कान, नाक, घशाचा दवाखाना. हे तुझं नाव. वय दोन वर्षं चार महिने. दोन्ही कान वाहतात. ऐकू कमी येतं. अद्याप... अद्याप एकही शब्द नाही."

"तारीख बघ. आता त्याच आठवड्याचं पत्र काढ. दुसरी वही."

पत्रं वहीत चिकटवलेली होती आणि त्यांतली प्रत्येक ओळ भाऊला पाठ होती. तरी त्याने पान काढून आधी तारीख पडताळली. "आज बाळ म्हणालं, 'बाबा कात्री देत नाही.' चार शब्दांचं वाक्य," त्याने वाचलं. त्याचा आवाज खाली आला. "ताई, अण्णा तर तेव्हा इथे नव्हतेच."

"नव्हते. कात्रीही नव्हती. शेजारी शिंपी राहायचा. त्याचा मुलगा माझ्याएवढा. आई दुपारी गॅलरीत बसून तो काय बोलतो ते ऐकायची आणि माझ्या नावाने लिहून पाठवायची. तो 'दिवा' त्याचा आहे. पहिल्या चाळीस शब्दांत बटण, दोरा, टाचणी, फीत..."

"चौथा टप्पा," भाऊ पुटपुटला. "सूक्ष्मवस्तूंचं आकर्षण." या टप्प्यावर त्याने स्वतः प्रबंध लिहिला होता. "तो मुलगा कुठे असतो आता?"

"कोपऱ्यावर. तुझा कोट त्यानेच शिवलाय."

भाऊने कोटाच्या बाहीकडे पाहिलं. खोलीत कुणी बोलेना. अण्णांच्या पद्धतीप्रमाणे हा फार चांगला मौनतास झाला असता. मग भाऊ हळूच म्हणाला, "म्हणजे मी किंचित मंद होतो ते कुणापेक्षा? शिंप्याच्या पोरापेक्षा?"

"ते पोर फार आगाऊ होतं रे. त्याला गप्प करायला बटणं मोजायला बसवायचे. तू अगदी वेळेवर बोललास."

भाऊने बेचाळीस पानांची प्रस्तावना उचलली, नीट सारखी केली आणि टेबलावर पालथी ठेवली. पंचावन्न वर्षांची निष्ठा पालथी पडायला तेवढा वेळ पुरला. "कानांची तपासणी व्हायला हवी," तो म्हणाला. "आजच. शास्त्राच्या दृष्टीनेही ते योग्य होईल." शास्त्र पुन्हा एकदा झपाट्याने पुढे सरकलं होतं.

क्रमांक तीन भिंतीपासून सुटला. "मला माहीत होतं," तो बायकोकडे न बघता म्हणाला. "तिला कामावर घेऊन गेलो होतो ना, तेव्हा लिफ्टची धोक्याची घंटा वाजली. आमच्या डोक्यावरच. मी दचकलो. ही माझ्या खिशातला पेचकस काढत होती. तीन महिने झाले."

नातसुनेने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "रात्री बोलू," ती म्हणाली. तो आणखी थोडा खचला.

"मुखपृष्ठावर दिवा ठेवायचा ना मग?" प्रकाशकांनी विचारलं. मग त्यांनी स्वतःच आपले कागद गोळा केले, सोमवारी फोन करतो म्हणाले आणि बुटात पाय पुरते न घालताच निघाले.

अण्णा इतका वेळ दुसऱ्या वहीवर हात ठेवून बसले होते. आत्याला वाटलं होतं, ते शिकवायला लागतील. एखादा टप्पा काढतील. ते झालं नाही. त्यांनी विचारलं, "का केलं तिने असं?"

"मी विचारलं होतं. ती म्हणाली, तिकडे ते एकटे, इकडे मी एकटी. पोरीचे कान वाहतायत. दोघांपैकी एकाला तरी बातमी चांगली जावी. आणि पहिलं पत्र लिहिल्यावर पुढचं लिहावंच लागतं."

"मला सांगायचं होतं तिने. नंतर तरी."

"नंतर तुमचे सत्कार सुरू झाले, अण्णा. प्रत्येक सत्कारात तुम्ही तिचे आभार मानायचात."

अण्णांनी मान हलवली. मग सवयीने हात पेन्सिलीकडे गेला. "तुझा पहिला शब्द कोणता, मग?"

"नको."

"विचारलं तर पाहिजे. नोंद..."

"तोच शब्द, अण्णा. 'नको.' कान बरे झाल्यावर, त्या कार्डानंतर तीन महिन्यांनी. तुम्ही परत आलात त्या सकाळी. दारातच मला उचलायला वाकलात. मला काय माहीत कोण हा दाढीवाला. मी म्हटलं, नको. आई रडायला लागली. तुम्हाला वाटलं, तुम्ही आलात म्हणून रडतेय."

अण्णा उठले. टेबलाला धरत त्यांनी तिसरी वही जवळ ओढली. पहिल्या दोन वह्यांत आईच्या अक्षरातली पत्रं होती. तिसरीपासून त्यांचं स्वतःचं अक्षर सुरू होत होतं. पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत, त्यांचं बोट थांबलं. आत्याने खांद्यावरून वाकून वाचलं. 'सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. शब्द क्रमांक २१४. नको. उच्चार सुस्पष्ट.'

"हा मी ऐकला होता," अण्णा म्हणाले. "मी स्वतः ऐकला होता हा."

त्यांनी पेन्सिलीने २१४ वर रेघ मारली. रेघ बरीचशी सरळ आली. शेजारी त्यांनी १ लिहिला. आत्याला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि त्याच वेळी हेही वाटलं की चौदा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर रेघ याहून सरळ आली असती.

साडेतीनला सगळे निघायला लागले. भाऊने गाडी काढली. नातसुनेने पाण्याची बाटली, आधीचे कागद, ठमीचं टोपडं असं एकेक पिशवीत भरलं. क्रमांक तीन, कुणी न सांगता, चिमटे गोळा करून त्याच पिशवीत टाकत होता. अण्णा आपली काठी आणि टोपी घेऊन दाराशी येऊन उभे राहिले.

"मीही येतो."

"या," नातसून म्हणाली. "पण पेन्सिल घरी ठेवा, अण्णा."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, टेबलापर्यंत परत गेले आणि ती तिसऱ्या वहीवर ठेवली. ठमी उंबऱ्याशी बसून आपल्या बुटाचा बंद चघळत होती. गेले चौदा महिने अण्णांनी तिच्याकडे रोज तासभर पाहिलं होतं.

"ठमे, चल," ते तिच्या पाठीमागून म्हणाले.

ठमी बंद चघळत राहिली. अण्णा तिथेच थांबले. मग काठी टेकत, भिंतीला धरत ते तिला वळसा घालून पुढ्यात आले, गुडघ्यांची कटकट सोसत खाली वाकले, त्यांचं तोंड तिच्या तोंडासमोर येईपर्यंत, आणि एक बोट पुढे करून पुन्हा म्हणाले, "चल."

ठमीने त्यांच्या ओठांकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं, पुन्हा ओठांकडे पाहिलं. मग बंद सोडून तिने बोट धरलं.